गिरणाकाठी मागितलेली भाकर

आश्विन लागला आणि ह्यांना धुळ्याहून व्याख्यानाचे बोलावणे आले. विषय होता 'शास्त्रीय बालसंगोपन'. हे पुण्याच्या एका हायस्कुलात मास्तर आहेत. इंग्रजी पुस्तके वाचून ह्यांनी बालसंगोपनावर मासिकांतून चार लेख लिहिले होते, आणि ते वाचून धुळ्याच्या वाचनालयाने बोलावणे धाडले. पत्र वाचून झाल्यावर हे म्हणाले, "मुलांनाही नेऊ. नुसते बोलण्यापेक्षा प्रत्यक्ष उदाहरण समोर असलेले बरे." म्हणजे कुमुद, विनू आणि त्या दोघांना सांभाळायला मी, असा उदाहरणाचा लवाजमा धुळ्याला निघाला.

उदाहरण कसे होते ते आधी सांगते. आमच्या स्वयंपाकघरात एक तक्ता टांगलेला होता. सहाला उठणे, सहा वाजून दहा मिनिटांनी दात घासणे, सातला दूध, दहाला वरणभात, दोनला पुन्हा दूध. सायंकाळी साडेसहाला 'प्रेमाने जवळ घेणे, पाच मिनिटे' असेही त्यात होते. सोवळेओवळे आमच्या घरातून केव्हाच गेले होते, पण त्याच्या जागी घड्याळ येऊन बसले आणि ते सोवळ्यापेक्षा कडक निघाले. सोवळ्यात निदान कुणाची नजर चुकवता येते.

मुलांशी बोबडे बोलायचे नाही, हाही एक नियम होता. कुमुद सहा वर्षांची आहे आणि दिवसभर बोलते, कारण ती बोलायला शिकली तेव्हा ह्यांनी ती पुस्तके वाचलेली नव्हती. विनू साडेतीन वर्षांचा. तो जन्मला आणि त्याच महिन्यात पुस्तके घरात आली. विनूने आजवर एक शब्द उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ पाहिली आणि सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. हे म्हणाले, "तो निरीक्षण करतो आहे." शेजारच्या बायका माझ्यासमोर काही म्हणत नसत, पण मी आत वळले की 'मुका' हा शब्द हलक्या आवाजात ऐकू येई. मी रोज रात्री अंथरुणावर पडले की उद्या तो काहीतरी बोलेल असे मनाशी म्हणत असे. दीड वर्ष तेच म्हणत होते.

व्याख्यानाला अजून दहा दिवस अवकाश होता. ह्यांचा एक जुना विद्यार्थी आनंदराव भडगावजवळ गिरणाकाठच्या गावी शेती करतो. धुळ्याला येताच आहात तर मुलांना चार दिवस आमच्याकडे आणा, हवा चांगली आहे, असे त्याने लिहिले. हवा हा शब्द शास्त्रीय असल्यामुळे ह्यांनी होकार दिला.

पुण्याहून संध्याकाळी निघालो, दौंडला गाडी बदलली, सकाळी मनमाडला पुन्हा बदलली. सामानात स्पिरिटचा स्टोव्ह, दुधाच्या भुकटीचे दोन डबे, उकळलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या, गजराचे घड्याळ आणि गुंडाळलेला तक्ता. कपडे उरलेल्या जागेत. मनमाडला शेजारच्या बाकावरच्या म्हातारीने विनूच्या हातात गुळाचा खडा ठेवला. ह्यांनी तो काढून घेतला आणि तिला दातांच्या किडीविषयी समजावून सांगितले. म्हातारीला एक दात होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि गुळाचा खडा परत मागून स्वतः खाल्ला.

चाळीसगाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. काळी जमीन, तिच्यावर पांढरी होऊ लागलेली बोंडे, मध्येच पुरुषभर उंचीची ज्वारी. ऊन मात्र असे की खिडकीच्या गजाला हात लावता येईना. पुण्यात आश्विनाला शरद ऋतू म्हणतात, कारण पुण्यात कवी पुष्कळ आहेत. खानदेशात त्याला सरळ ऊन म्हणतात.

कजगाव स्टेशनावर उतरलो. आनंदराव आला नव्हता, पण त्याने बैलगाडी पाठवली होती. गाडीवान बोलायला मोकळा होता. सामान पाहून त्याने विचारले, "भाऊ, कायमनं ऱ्हावाले उनात का?" (कायमचे राहायला आलात का?) ह्यांनी सांगितले की चार दिवस. त्याने पुन्हा एकदा सामानाकडे पाहिले आणि बैल हाकले.

अर्ध्या वाटेत दोन वाजले. मला ते कळले, कारण पेटीत घड्याळाचा गजर झाला. दुधाची वेळ झाली असे ते घड्याळ सांगत होते, पण बैलांना ते वेगळेच काही वाटले असावे. दोघांनी एकदम उसळी घेतली आणि गाडी रस्ता सोडून कपाशीत शिरली. गजर थांबेना, बैल थांबेनात. हे पेटीचे कुलूप शोधत होते, किल्ली माझ्या कनवटीला होती आणि मी दोन्ही मुलांना धरून बसले होते. शेवटी पेटीच गाडीतून पडून उघडली. घड्याळ गप्प झाले, पाठोपाठ बैलही थांबले. गाडीवानाने खाली उतरून पेटीकडे पाहिले.

"तुमना पेटीमां काय वरडी राह्यनं, भाऊ?" त्याने विचारले. (तुमच्या पेटीत काय ओरडत होते?)

"घड्याळ. मुलांच्या दुधाची वेळ झाली होती."

"पोरेसले भूक लागी ते पोरे वरडतीन ना." (मुलांना भूक लागली तर मुले ओरडतील ना.)

ह्यांनी घड्याळ उचलून कानाला लावले. घड्याळाचा काटा दोनावर अडकला तो अडकलाच. एका डब्यातली भुकटी कपाशीवर सांडली होती आणि बोंडांत कुठे भुकटी, कुठे कापूस ते ओळखू येत नव्हते. मला हसू आले, पण मी ते पदरात ठेवले.

आनंदरावाचे घर म्हणजे धाब्याचे, पुढे लांब ओटा, मागे गोठा आणि मधल्या चौकात उडीद-मूग वाळत घातलेले. घरात आनंदरावाचे वडील, त्यांना सगळे गाव आबा म्हणते, आणि आई, ती सगळ्यांची अक्का. आबांनी ह्यांना ओट्यावर बसवले. अक्काने मला आत नेले, पाणी दिले, आणि मुलांकडे पाहून म्हणाली, "ह्या पोऱ्यानं नाव काय शे?" (ह्या मुलाचे नाव काय आहे?)

मी नाव सांगितले, आणि हेही सांगून टाकले की तो बोलत नाही.

"बोली तो," अक्का म्हणाली, "घाई काय शे?" (बोलेल तो, घाई काय आहे?) आणि ती भाकरी थापायला वळली.

ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओट्याच्या खांबाला तक्ता लावला. घड्याळ बंद पडले होते, तेव्हा वेळ कुणाला विचारायची हा प्रश्न पडला. आनंदरावाचे मनगटी घड्याळ लग्नानंतर बंद पडले होते. आबांना विचारले तर ते आभाळाकडे पाहत आणि सांगत, "दिन कासराभर वर उना." (कासऱ्याच्या लांबीइतका दिवस वर आला.) कासराभर म्हणजे नक्की किती वाजले, हे ह्यांनी वहीत काढायला घेतले. दोन दिवसांत दोन उत्तरे आली आणि त्यांत पाऊण तासाचा फरक निघाला.

आबांनी तक्ता नीट निरखला. त्यांना वाचता येत होते.

"मास्तर, हाई बठ्ठं बरं लिखेल शे," ते म्हणाले. "पन पोऱ्याले वाचता येस का?" (हे सगळे चांगले लिहिले आहे, पण मुलाला वाचता येते का?)

"त्याला वाचायची गरज नाही. सगळे आम्हीच वेळेवर करतो."

"मंग त्यानी काय करानं?" (मग त्याने काय करायचे?)

ह्यांना वाटले, आबांना विषय कळला नाही. मला तो प्रश्न कुठेतरी लागला, पण का लागला ते तेव्हा सांगता आले नसते.

कापूस वेचणीचे दिवस होते. पहाटेपासून अक्काच्या चुलीवर वेचणाऱ्या बायकांच्या भाकरी होत. कळण्याच्या भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या, काळपट आणि चवीला खमंग. वर मिरचीचा ठेचा, तेल आणि कांदा. इतक्या माणसांच्या रगाड्यात कुणाच्या पोटात काय आहे हे ओळखत बसायला अक्काला सवड नव्हती. ज्याला हवे असेल त्याने येऊन मागावे. तिचे स्वतःचे नातू-नाती तिचा पदर ओढून, तिच्या पाठीवर लोंबकळून मागत, दोनदा मागत, तिसऱ्यांदा रडून मागत आणि मग मिळे. कुमुदने हे अर्ध्या दिवसात उचलले. विनू चुलीपासून चार हात लांब भिंतीला टेकून बसे आणि पाही. राहिलेल्या डब्यातले दूध करून मी त्याच्याजवळ नेई, तर तो भांडे बाजूला सारी. दुसऱ्या दिवशी त्याने दूध घेतलेच नाही. आता हा उपाशी मरतो की काय, असे माझ्या मनात आले.

अक्काने त्याला एकदा विचारले, "काय व्हना रे तुले?" (काय हवे रे तुला?)

तो तिच्या हातातल्या भाकरीकडे पाहत राहिला.

"माले काय कळस तुना पोटमां काय शे ते? सांग, मंग देस." (तुझ्या पोटात काय आहे ते मला काय कळणार? सांग, मग देते.)

मी पुढे होऊन भाकरीचा तुकडा त्याला देणार, तोच अक्काने माझा हात धरला. रागाने नव्हे, सहज, ऊन तव्याकडे जाणाऱ्या मुलाचा धरावा तसा. मला अपमान वाटला आणि रडूही आले. त्या रात्री मी ह्यांना म्हणाले, आपण उद्याच धुळ्याला जाऊ. हे म्हणाले, "चार दिवस ठरले आहेत." तक्त्यात ठरलेले हे कधी बदलत नसत. नंतर वाटले, बरे झाले बदलले नाही.

मी मात्र दोनदा चोरून विनूला केळे दिले. ते त्याने खाल्ले.

तिसऱ्या संध्याकाळी गल्लीतल्या मुली अक्काकडे भुलाबाईला आल्या. आमच्या बाजूला भोंडला असतो, ही रीत थोडी वेगळी म्हणून सांगते. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात मुली घरोघर मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, म्हणजे पार्वती आणि शंकर. त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. दिवेलागणीला टिपऱ्या वाजवत एकेका घरी गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा मिळत नाही. घरची बाई तो डब्यात झाकून आणते, डबा हलवून वाजवते आणि मुलींनी आवाजावरून ओळखायचे. ओळखला नाही तर नाही मिळाला. त्यामुळे आवाज ओळखण्यात खानदेशच्या मुली मोठ्या पटाईत असतात. शेंगा कशा वाजतात, फुटाणे कसे, खोबऱ्याचे तुकडे कसे, हे त्यांना पाठ असते. आणि डब्यात न वाजणारे काय घालावे, यात घरच्या बायका पटाईत असतात.

हे ओट्यावर बसून आबांना व्याख्यान वाचून दाखवत होते. आबांचे डोळे मिटलेले होते. मी आत मुलींमध्ये बसले. गाणी झाली. सासरच्या जाचाची, माहेरच्या वाटेची, नवऱ्याच्या फजितीची. नवऱ्याच्या फजितीला सगळ्यात जोर होता. मग अक्का पितळी डबा घेऊन आली आणि तिने तो हलवला. आवाज आला नाही.

मुलींची पुढारीण गोदी, दहा वर्षांची असेल. तिने डब्याला कान लावला. "केळं," ती म्हणाली.

"नही."

"गूळ."

"नही."

"शिरा. खोबरं. पेढा." एकेकजण सांगू लागली. लोणी, साखर, उकडलेल्या शेंगा, सगळे झाले. अक्का मान हलवत राहिली. मुली चिडल्या. एक म्हणाली, डबा रिकामाच आहे. दुसरी म्हणाली, अक्का गेल्या वर्षीही फसवत होती. दिव्यापाशी गलका झाला आणि त्या गलक्यात कोणीतरी म्हणाले,

"भाकर."

आवाज ओळखीचा नव्हता. मी मागे वळून पाहिले. विनू भिंतीपाशी उभा होता. त्याने डब्याकडे हात केला आणि पुन्हा म्हणाला, "भाकर."

गोदी म्हणाली, "भाकर का कधी खाऊ ऱ्हास?" (भाकर कधी खाऊ असते का?) अक्काने झाकण काढले. फडक्यात गुंडाळलेले कळण्याच्या भाकरीचे तुकडे, वर लोणी.

मुलींनी एकच ओरडा केला. "त्यानी दखी लिधं!" (त्याने पाहून घेतलंय!) आणि खरेच होते ते. दिवसभर चुलीसमोर बसून त्याने अक्का डब्यात काय घालते ते पाहिले होते. बारा मुलींमध्ये हे ठाऊक असलेला तो एकटा, आणि भुकेलाही तो एकटाच.

"दखं ते काय व्हयनं?" अक्का म्हणाली. "सांगं ते त्यानीच ना." (पाहिले तर काय झाले? सांगितले ते त्यानेच ना.) पहिला तुकडा तिने त्याच्या हातात दिला.

मी तिथेच सगळ्या मुलींसमोर रडले. लाज वाटली नाही. अक्काने माझ्याही हातात एक तुकडा दिला आणि मी तो रडत रडत खाल्ला. ठेचा नव्हता, तरी डोळ्यांना पाणी होतेच.

मग मी ओट्यावर धावले. ह्यांचे व्याख्यान सतराव्या पानावर आले होते. मी सांगितले. ह्यांनी कागद खाली ठेवला, विनूला बोलावले आणि समोर उभे करून म्हणाले, "बोल, बाळ. पुन्हा बोल." विनू भाकरी चघळत ह्यांच्याकडे पाहत राहिला. दहा मिनिटे चाचणी चालली. मग हे म्हणाले, "मुलींचा गलका होता. तुला भास झाला असेल. आणि 'भाकर' कशाला म्हणेल तो? आपल्या घरी 'भाकरी' म्हणतात." इतके बोलून ह्यांनी अठरावे पान काढले. मी आत जाऊन विनूला जवळ घेऊन झोपले. चौथ्या दिवशीही ह्यांच्यासमोर विनूचे तोंड बंदच राहिले आणि मलाच शंका येऊ लागली.

धुळ्याला जायला पुन्हा चाळीसगाव गाठून तिथून फाट्यावरची गाडी धरावी लागते. धुळे रेखीव आहे. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे, जिकडेतिकडे कचेऱ्या आणि वकिलांच्या पाट्या. पश्चिम खानदेशचे सगळे खटले इथे येतात आणि वकील लोक संध्याकाळी व्याख्यानांना येतात. वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. अध्यक्ष एक पेन्शनर मामलेदार होते. बायकांना एका बाजूला पडद्याजवळ बसवले होते, पण उदाहरण दिसावे म्हणून मला मुलांसकट पुढच्या रांगेत जागा दिली.

व्याख्यान चांगले चालले होते, हे मी मानते. ह्यांचा आवाज खणखणीत आहे. वेळेचे महत्त्व झाले, शुद्ध भाषेचे झाले. मग हे आमच्याकडे हात करून म्हणाले, "माझी मुले आपल्यासमोर आहेत. आमच्या घरात मूल कधी काही मागत नाही. मागण्याची पाळीच आम्ही येऊ देत नाही." टाळ्या पडल्या. पडद्याआड कुणीतरी नवलाने 'अगंबाई' म्हटले.

आणि त्याच क्षणी मला आबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मग त्याने काय करायचे? काहीच नाही. मागायचे नाही, रडायचे नाही, बोलायचे नाही. सात वाजता दूध येतेच, तर 'दूध' कशाला म्हणायचे? साडेतीन वर्षे आम्ही दोघांनी मिळून त्याच्यासाठी बोलण्याचे एकही कारण शिल्लक ठेवले नव्हते. आम्ही दोघांनी, एकट्या ह्यांनी नव्हे.

टाळ्या थांबल्या. विनू माझ्या मांडीवरून उतरला, व्यासपीठाच्या पायरीपाशी गेला आणि वर पाहून स्पष्ट म्हणाला, "भाकर दे."

दिवाणखान्यात हशा उसळला. अध्यक्ष म्हणाले, "द्या हो त्याला भाकर, मास्तर." मी ह्यांच्याकडे पाहत होते. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हातातली पाने खाली पडली ती उचलली नाहीत. सगळ्या वकिलांसमोर हे पायरीवर खाली बसले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण रे, राजा." 'राजा' हा शब्द ह्यांच्या नियमांत बसत नव्हता.  विनू म्हणाला, "दे."

हे उठून म्हणाले, "व्याख्यान संपले." अजून नऊ पाने बाकी होती. धुळेकरांनी फार वेळ टाळ्या वाजवल्या. नंतर अध्यक्षांनी मला सांगितले की, इतके आटोपशीर व्याख्यान त्या दिवाणखान्यात पूर्वी झालेले नाही.

परतीच्या गाडीत विनू डब्यातल्या सगळ्यांशी बोलत होता. ठेवणीतले पाच-सहाच शब्द, पण ते तो उदारपणे सगळ्यांना वाटत होता. फक्त ह्यांना काही मिळत नव्हते. चाळीसगावला ह्यांनी एक फणी केळी घेतली. एक सोलले आणि विनूसमोर धरले, पण दिले नाही. वाट पाहत बसले. साडेतीन वर्षे वेळेआधी देणारा माणूस केळे हातात धरून बसला होता, आणि ते काळे पडत चालले होते. मनमाड जवळ आले.

विनूने केळ्याकडे पाहिले, मग ह्यांच्याकडे. घरातल्या मोठ्या पुरुषाला काय म्हणतात, हे तो गिरणाकाठच्या त्या एकाच घरात शिकला होता.

"आबा," तो म्हणाला, "दे."

मला वाटले, हे आता 'बाबा' म्हणून दुरुस्त करतील. हे म्हणाले, "ओ."

घरी येऊन दोन महिने झाले. खानदेशात पाहण्यासारखे काय आहे, असे लोक विचारतात. मी कपाशी सांगते, गिरणा सांगते, धुळ्याचे रस्ते सांगते. ह्यांना विचारले तर हे आधी बालसंगोपनातले काही सांगायला बसतात. दोन वाक्ये होतात न होतात तोच आतून कुणीतरी 'आबा' म्हणून हाक मारते, आणि पाहुण्याला तसेच बसवून हे आत जातात.